दिवस भरत आले असता



कमंडलू नदीकाठच्या आमच्या रहिमतपुरात सातवा महिना सरून डोहाळजेवण उरकले, की पुण्या-मुंबईस दिलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. पण तिच्या सामानात जी वस्तू सर्वांत अगत्याची, ती तपासण्यांची फाईल, पुष्कळदा सासरीच राहून जाते. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सोनोग्राफी यांचा तपशील हाती नसला, तर येथील डॉक्टरांस सारे नव्याने आरंभावे लागते. म्हणून अखेरच्या महिन्याच्या तयारीत पहिला मान या दप्तराचा, आणि दुसरा गावातील आरोग्य-कार्यकर्त्या आशाताईंकडे नाव नोंदविण्याचा.

डॉक्टरांनी सांगितलेली तारीख ही मात्र न्यायालयातील तारखेप्रमाणे हजर राहण्याची तारीख नव्हे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून ती काढतात. पाळी 14 जानेवारीस, संक्रांतीला आली असेल, तर 21 ऑक्टोबर. परंतु नेमक्या त्या दिवशी प्रसूत होणारी स्त्री विसांत एखादीच; 37 आठवडे पूर्ण झाले की पुढे केव्हाही सुटका होऊ शकते, आणि 41 आठवडे उलटूनही कळा न आल्यास घरी वाट पाहत न बसता डॉक्टरांस दाखवावे.

पहिलटकरणीचे पोट बहुधा दोन-चार आठवडे आधीच खाली उतरते. श्वास मोकळा होतो, पण लघवीस वारंवार जावे लागते. मधूनमधून पोट घट्ट होते, ते कूस बदलल्याने किंवा अंगणात फेरी मारल्याने सैल पडले, तर त्या खोट्या कळा समजाव्यात. खऱ्या कळा बहुधा कमरेतून निघून ओटीपोटात उतरतात, त्यांतील अंतर घटत जाते, जोर वाढत जातो. त्या दर पाच मिनिटांनी तासभर येत राहिल्या, की निघावे, आणि सातारा किंवा कऱ्हाड गाठावयाचे असेल त्यांनी त्याही आधी. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी निघावे.

आता एका समजुतीविषयी. दिवस भरले की बाळास जागा पुरत नाही, म्हणून ते निवांत होते, असे जाणत्या बायकाही सांगतात. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी सरकणे-वळणे जाणवते, हे खरे. परंतु हालचाल कमी होणे हे स्वाभाविक नव्हे. शंका वाटताच जेवून डाव्या कुशीवर निजावे आणि मोजावे. दोन तासांत दहा हालचाली न भरल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. अंगावरून रक्त जाणे, तोंडावर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, हिरवट पाणी, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

सरकारी रुग्णालयात प्रसूती, प्रसंगी शस्त्रक्रिया, औषधे व वाहन यांचा खर्च 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासन सोसते. गाडीसाठी 102, आणीबाणीत 108. बाळासाठी आधी काही घेऊ नये असे मानणाऱ्या घरांतही जुन्या लुगड्याची दुपटी धुऊन, उन्हात वाळवून ठेवण्यास कोणाची हरकत नसते. ती, टोपडे आणि फाईल एका पिशवीत घालून दाराशी ठेवावी.

परंतु एवढी तजवीज करूनही घरोघर वेळ जातो तो परवानगीत: मामंजी शेतावर, जावई पुण्यात, आणि आई म्हणते, त्यांना विचारल्याशिवाय कसे न्यावे? तेव्हा विचारावयाचे ते आजच विचारून घ्या. कोणत्या रुग्णालयात जावयाचे, कोणाची गाडी, सोबत कोण, वेळ पडल्यास रक्त कोण देणार, हे दिवसाउजेडी ठरू द्या. आणि लक्षण दिसताच निघण्याचा अखत्यार लेकीजवळ असणाऱ्या बाईला, किंबहुना जिचे पोट दुखते आहे तिलाच, सर्वांसमक्ष देऊन ठेवा.