कापड रंगविताना पोत कसा राखावा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या शिक्षणावर बोलते. मला चिटणीसबाईंनी विषय दिला तो मात्र निराळा. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी टॉवेल बिघडले ते कसे, तेवढे सांगा." सर्वांच्या देखत आपली चूक सांगणे कोणास आवडेल? पण मी होय म्हटले, याला कारण आहे. येत्या पंधरवड्यात आपल्या मंडळाने रंगाईचे जुने यंत्र विकत घ्यावे की नाही, हे ठरावयाचे आहे. मागचे पैसे गेले ते माझ्या अज्ञानाने गेले. पुढचे तरी सर्वांनी समजून उमजून खर्च करावे, एवढ्यासाठी मी उभी आहे. मी सातवी शिकलेली बाई. बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

झाले ते असे. तारकर्लीच्या बाजूस पर्यटकांसाठी न्याहारी निवास चालविणाऱ्या एका बाईंनी आपल्याला चार डझन टॉवेलांची मागणी दिली. रंग फिकट निळा, समुद्राच्या पाण्यासारखा हवा होता. आपण सोळा जणींनी प्रत्येकी ६०० रुपये काढले. ९,६०० रुपये जमले. त्यातून पांढरे टॉवेल, रंग, मीठ व सोडा आणला. रंगविण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. घरच्या ओढण्या मी पूर्वी रंगविल्या होत्या. टॉवेल म्हणजे काय मोठे, असे मला वाटले. आमच्या खळ्यात चूल मांडली, लग्नकार्याचा मोठा टोप आणला आणि दोन दिवसांत अठ्ठेचाळीस टॉवेल दोरीवर घातले.

वाळल्यावर पाहते तो काय, एक गडद, एक फिका, एकावर ढगासारखे डाग. आणि त्याहून वाईट म्हणजे टॉवेलाचा मऊपणा गेला. लूप चपटे होऊन एकमेकांस चिकटलेले. मी घाबरून वरून कडक इस्त्री फिरविली, तेव्हा उरलेसुरले तेही बसले. त्या बाईंनी माल परत केला. त्यांचे काही चुकले नाही. पाहुण्याला अंग पुसावयास असला टॉवेल मी तरी दिला असता का?

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या लहानपणी मासेमारीची जाळी सुताची व तागाची असत. नायलॉन नंतर आले. सुताचे जाळे खाऱ्या पाण्यात लवकर कुजू नये म्हणून ऐनाची साल उकळून त्या तांबड्या रसात ते बुडवीत. सालीतील तुरट अंश सुतात मुरला की जाळे टिके. मी टॉवेल पिळले हे ऐकून त्या म्हणाल्या, "अगो, जाळां कोण पिळता काय? तां उचलून टांगूचा आसता. पाणी आपसूक जाता." मला तेव्हा राग आला. पुढे कळले की, सगळे शास्त्र त्या एका बोलण्यात आहे.

माझी मोठी नणंद सोलापुरास दिली आहे. तिचे यजमान तेथे एका रंगशाळेत काम करतात. दिवाळीनंतर मी तिकडे गेले ती चार टॉवेल पिशवीत घालूनच. त्यांनी टॉवेल हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही याला साडीसारखे वागविलेत." दुसऱ्या दिवशी मालकांची परवानगी काढून त्यांनी मला सारे काम दाखविले.

सोलापूरची चादर आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चादरीची नक्षी विणून झाल्यावर रंगवीत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. आधी सूत रंगवितात व मग जॅकार्ड मागावर ते विणतात. म्हणून चादर उलटी केली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. आपल्या चोळीच्या खणाचेही तेच. रंगीत सुतानेच तो विणलेला असतो. अशा कापडास पोत बिघडण्याचे भय नाही, कारण पोत तयार होण्याआधीच रंग बसलेला असतो.

अडचण येते ती विणून झालेले उठावाचे कापड रंगविताना. टॉवेलाला लूप असतात, मखमलीला लव असते, क्रेपला बारीक सुरकुती असते. क्रेपची सुरकुती येते ती सुताला दिलेल्या जास्त पिळामुळे. कापड ओले झाले की तो पीळ आखडतो आणि कापड चुरते. असे कापड ताणून धरले तर सुरकुती जाते, दाबले तर लव मोडते. म्हणून रंगाईची यंत्रे कापडाच्या जातीप्रमाणे वेगवेगळी असतात. त्यांतील तीन मी सांगते.

पहिले जिगर. यात पोळपाटावरच्या लाटण्यासारखे, पण माणसाहून लांब असे दोन रूळ असतात. खाली रंगाची उथळ कुंडी. कापड पूर्ण पन्ह्याने उलगडून एका रुळावरून दुसऱ्यावर गुंडाळले जाते आणि प्रत्येक खेपेस रंगातून जाते. किलोभर कापडास तीन ते पाच लिटर पाणी पुरते. पॉपलीन, चादरीचे साधे कापड यांस हे यंत्र उत्तम. पण कापडावर लांबीकडून ताण पडतो, आणि गुंडाळीत एका थराचा भार दुसऱ्यावर बसतो. टॉवेलाचे लूप त्याखाली चेंगरतात.

दुसरे विंच. हे पाहून मला हसूच आले, कारण तो आपल्या विहिरीवरचा रहाट! टोके शिवून कापडाचा गोल दोर करतात. वरचा रहाट तो दोर उचलतो आणि पलीकडे रंगाच्या पाण्यात सोडतो. कापड पाण्यात सैल पडून राहते, फिरते, पुन्हा वर येते. ताण थोडा, दाब नाही. पाणी मात्र किलोस वीस ते तीस लिटर लागते. टॉवेलांसाठी हे चालते. आता मोठ्या रंगशाळांत सॉफ्ट फ्लो नावाचे यंत्र आले आहे. त्यात पाण्याचा प्रवाहच कापडाला पुढे वाहून नेतो, म्हणून पाणी कमी लागते आणि पोतही राखला जातो.

तिसरे स्टार फ्रेम, हे मखमलीसाठी. मी पाहिले नाही, नणंदेच्या यजमानांनी कागदावर काढून दाखविले. चांदणीसारख्या चौकटीवर कापडाची किनार आकड्यांना अडकवीत आतून बाहेर गुंडाळत न्यावयाची, मात्र एक पदर दुसऱ्यास लागता कामा नये. मग सारी चौकट रंगात उतरवावयाची. लवेला काहीच टेकत नाही.

भगिनींनो, तिन्ही यंत्रांतून मला एकच गोष्ट कळली. सपाट कापड ओढले तरी चालते. उठावाच्या कापडास ओढू नये, दाबू नये, मोकळे हलू द्यावे. जाळे टांगून ठेवणाऱ्या बायकांना हे यंत्रावाचून ठाऊक होते.

आता माझ्या पाच चुका सांगते, म्हणजे त्या दुसरीने करू नयेत.

पहिली चूक, टॉवेल आधी उकळले नाहीत. कोऱ्या कापडात खळ व मेण असते, ते रंगाला अडविते. धुण्याचा सोडा व साबण घालून तासभर उकळावे. मग पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच शोषला गेला तर कापड तयार झाले.

दुसरी चूक, गर्दी. एक टॉवेल सुमारे ४०० ग्रॅमचा. माझा टोप ४० लिटरचा. किलोस वीस लिटर या हिशेबाने त्यात पाचच टॉवेल मावतात. मी बारा कोंबले. ज्याला हलावयास जागा नाही, त्याला रंग सारखा कसा लागावा?

तिसरी चूक, पहिल्या घाणीचे उरलेले पाणी मी दुसऱ्या घाणीस वापरले. ऐनाच्या सालीचा रस पुन्हा पुन्हा चालतो. हे रंग तसे नव्हेत. सुती कापडाचे हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६ साली प्रथम बाजारात आले. ते सुताशी जोडले जातात म्हणून धुण्याने जात नाहीत. पण सोडा पडला की ते पाण्याशीही जोडले जाऊ लागतात, आणि तसा रंग मग निकामी होतो. नव्या घाणीस नवा रंग घ्यावा लागतो.

चौथी चूक पाण्याची. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते. मला वाटले, रंगात मीठ घालावेच लागते, मग खारट पाणी बरेच! पण खाऱ्या पाण्यात नुसते मीठ नसते, चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षारही असतात. सोडा पडताच त्यांचा पांढरा गाळ होतो व तोच डाग होऊन कापडावर बसतो. म्हणून समुद्राचे पाणी तर नकोच. गोड्या विहिरीचे किंवा पन्हळीला धरलेले पावसाचे पाणी घ्यावे. खडे मीठही मळकट असेल तर टाळावे. स्वच्छ मीठ घ्यावे.

पाचवी चूक पिळण्याची व इस्त्रीची. ती सासूबाईंनी सांगितलीच आहे.

रीत अशी. एक किलो कापड, वीस लिटर गोडे पाणी, मध्यम छटेस २० ग्रॅम कोल्ड ब्रँड रंग. रंग आधी वाटीत कालवून गाळून घ्यावा. कापड ओले करून सोडावे. एक किलो मीठ तीन हप्त्यांत घालीत अर्धा तास हलवीत राहावे. मीठ रंगाला कापडाकडे ढकलते. मग ३०० ते ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून घालावा आणि तासभर हलवावे. सोडा रंग पक्का करतो. चुलीची गरज नाही, आपल्याकडची हवा पुरते. नंतर थंड पाण्याने धुवावे, साबणाच्या कढत पाण्यात काढावे, पुन्हा धुवावे. न पिळता निथळत ठेवावे, अर्धवट ओले असताना दोन टोके धरून चांगले झटकावे आणि सावलीत वाळवावे. लूप आपोआप उभे राहतात. हलविण्याची काठी गुळगुळीत असावी. माझ्या काठीला कुसे होती, त्यांत लूप ओढले गेले.

दोन सूचना जिवाच्या आहेत. रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नये, तिने दम्याचा त्रास जडू शकतो. तोंडाला कापड बांधावे, हातमोजे घालावे, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. मीही लग्नाचा टोप वापरावयास नको होता. दुसरे, स्वस्त व बेनावाची पुडी घेऊ नये. कर्करोगास कारण होणाऱ्या कित्येक अ‍ॅझो रंगांवर सरकारने १९९७ साली बंदी घातली आहे. पुडीवर कंपनीचे नाव पाहावे.

सोलापुराहून परत आल्यावर मी ते अठ्ठेचाळीस टॉवेल पुन्हा उकळले आणि पाच-पाच करून गडद निळे रंगविले. गडद रंगाखाली डाग झाकले गेले. लूप ज्यांचे ओढले गेले नव्हते असे एकतीस टॉवेल बरे निघाले. ते आपण जत्रेत २०० रुपयांस एक असे विकले. ६,२०० रुपये आले. दुसऱ्या खेपेचा रंग मी माझ्या पैशाने आणला. तरी मंडळास ३,४०० रुपयांची खोट आली, ती आलीच. सतरा टॉवेल अजून माझ्या घरी पायपुसणी झाले आहेत. रोज त्यांवर पाय देताना मला हा धडा आठवतो.

आता यंत्राविषयी. आपल्याला जे जुने यंत्र दाखविले गेले ते जिगर आहे. यंत्र वाईट नाही, किंमतही जड नाही. पण त्यावर सपाट कापडाची लांबच लांब थाने चालतात. आपल्याकडे मागणी येते टॉवेलांची व क्रेपच्या पडद्यांची, तीही डझनांनी. म्हणजे जे यंत्र पोत मोडते तेच आपण कर्ज काढून घरी आणू. पॉलिएस्टरच्या पडद्यांस तर कोणतेच घरगुती साधन पुरत नाही. ते रंगविण्यास बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशांची उष्णता देतात, म्हणून ती मागणी आपण नम्रपणे नाकारावी.

माझी सूचना अशी की, गावातल्या वेल्डरकडून शंभर लिटरच्या टबावर बसेल असा स्टीलचा हाताने फिरविण्याचा रहाट करून घ्यावा. दहा टॉवेल सैल टाक्याने एकमेकांस शिवले की चार किलो होतात, त्यांस ऐंशी लिटर पाणी पुरते. एक जण फिरवील, एक जण मीठ-सोडा पाहील. आधी पाच टॉवेल करून पाहू. साधले तर पुढे.

एक प्रश्न उरतो, तो मला झोप लागू देत नाही. रंगाचे पाणी टाकावयाचे कोठे? आपली जमीन वाळूची. खळ्यात ओतले ते उद्या विहिरीत. खाडीत सोडावे तर तेथे कालवे व मुळे काढणाऱ्या बायका आपल्यातल्याच आहेत. इचलकरंजीच्या बाजूस पंचगंगेचे जे झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. मीठ व सोडा मिसळलेले पाणी नुसत्या खड्ड्याने शुद्ध होत नाही. थोड्या कामापुरते ते प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ हौद्यात उन्हाने आटवावे आणि उरलेला गाळ वेगळा ठेवावा, असे मला वाटते. पावसाळ्यात ते जमणार नाही, म्हणून त्या चार महिन्यांत रंगाई बंद ठेवावी. पावसाचे पाणी तेवढे साठवावे. याची सोय होईपर्यंत मोठी मागणी घेऊ नये. पैसे मिळाले आणि विहीर गेली, असे आपल्या हातून होऊ नये.

सोळा जणींनी गेल्या वर्षी मला एका शब्दानेही दुखविले नाही. उलट जत्रेत टॉवेल विकावयास त्याच माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचे उपकार फेडण्याचा हा एक मार्ग मला दिसला, म्हणून इतका वेळ घेतला. निर्णय आपण सर्वांनी मिळून करावा. तो काही झाला तरी रहाट फिरविण्यास मी पहिल्या दिवशी हजर राहीन.