जुन्या मोटारीतला मूळ रेडिओ : दुरुस्ती आणि जपणूक
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात जुन्या मोटारीतल्या रेडिओवर व्याख्यान व्हावे, हे प्रथमदर्शनी थोडे वेगळे वाटेल. परंतु जबलपूरला हा विषय परका नाही. भारतीय सैन्याच्या सिग्नल्स दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण घेतलेल्या जवानांच्या कित्येक पिढ्या येथून बाहेर पडल्या. १९६९ साली येथे व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. ‘जोंगा’ या लष्करी गाडीच्या नावातले पहिले अक्षर तर जबलपूरचेच. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या नावातून ते तयार झाले. मोटार आणि बिनतारी लहर या दोन्हींशी इतके जवळचे नाते असलेली शहरे देशात फार थोडी असतील.

या शहरातल्या मराठी घरांना मोटारीतल्या रेडिओचे आणखी एक महत्त्व होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर मुंबई राज्यात, तर जबलपूर मध्य प्रदेशात गेले. प्रांताची वाटणी झाली. लहरींची मात्र होऊ शकली नाही. लग्नकार्यासाठी वा सुट्टीसाठी गाडी जबलपूरहून शिवनीमार्गे नागपूरकडे निघाली, की डॅशबोर्डवरची सुई ८०१ किलोहर्ट्झच्या जबलपूर केंद्रावरून ५८५ किलोहर्ट्झच्या नागपूर केंद्राकडे सरकवली जाई. आधी नुसती खरखर, मग खरखरीतून उमटणारे तुटक शब्द आणि घाट ओलांडून गाडी जसजशी पुढे जाईल तसतसे स्पष्ट होत जाणारे मराठी. मैलाचा दगड दिसण्याआधीच नागपूर जवळ आल्याचे कानांना कळत असे.

आता एक प्रसंग कल्पावा. वडिलांची जुनी ॲम्बॅसेडर अंगणात उभी आहे. वडील हयात नाहीत. इंजिन दुरुस्त झाले, रंगकाम झाले. आता प्रश्न उरला तो रेडिओचा. तो लावला तर फक्त गुरगुरतो. मुलाचे म्हणणे असे, की तो काढून पडद्याचा नवा संच बसवावा. त्यासाठी डॅशबोर्डचा पत्रा थोडा कापावा लागेल, एवढेच. मुलीचे म्हणणे असे, की बाबांचा हात रोज ज्या बटणावर जाई, ते बटण तेवढे राहू द्यावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय घेण्यापूर्वी मात्र एक गोष्ट तपासली पाहिजे : हा रेडिओ खरोखर निकामी झाला आहे, की त्याच्यापर्यंत आवाज पोहोचतच नाही? पुष्कळदा दोष संचाच्या बाहेर असतो. म्हणून तपासणीचा क्रम बाहेरून आत असावा : प्रथम एरियल, मग गाडीतली खरखर आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष संच.

एरियलचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकेच सोपे आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्याला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ८०१ किलोहर्ट्झला ती सुमारे ३७५ मीटर येते, ५८५ किलोहर्ट्झला ५१० मीटरांहून अधिक. त्यापुढे मडगार्डवरची एक मीटरची काठी म्हणजे काहीच नव्हे. एवढी आखूड काठी एखाद्या अतिशय लहान कपॅसिटरसारखी वागते. तिची धारिता साधारण दहा पिकोफॅरड असते. काठीपासून संचापर्यंत जाणाऱ्या केबललाही स्वतःची धारिता असते, आणि काठीने गोळा केलेला क्षीण संकेत या दोहोंत वाटला जातो. केबलची धारिता जितकी जास्त, तितका संचाच्या वाट्याला येणारा भाग कमी.

येथेच सर्वाधिक प्रचलित चूक घडते. मूळ केबल तुटली की तिच्या जागी टीव्हीची केबल जोडली जाते. दिसायला दोन्ही सारख्याच. पण मोटारीच्या एरियलची केबल मुद्दाम वेगळी घडवलेली असते : आत केसासारखी बारीक तार आणि तिच्याभोवती बरीचशी मोकळी हवा. तिची धारिता मीटरला सुमारे तीस पिकोफॅरड भरते. टीव्हीच्या साध्या केबलची त्याच्या जवळजवळ दुप्पट. दीड मीटर लांबी धरली, तर ढोबळ हिशेबाने संचाला मिळणारा संकेत निम्म्यावर येतो. एरियल मागच्या मडगार्डवर नेऊन केबल लांबवली, तर हाच तोटा आणखी वाढतो. म्हणून काठी पुढच्या बाजूला, केबल आखूड आणि योग्य जातीची, हा पहिला नियम.

दुसरा नियम अर्थिंगचा. एरियलच्या बुडाचा धातू गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट टेकला पाहिजे. नव्या रंगकामानंतर रेडिओ अचानक बिघडल्याची तक्रार होते, तिचे मूळ बहुधा येथे असते. रंगाचा थर मध्ये येतो आणि जोड तुटतो. मडगार्डच्या आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा ठिकाणी, वॉशरपुरता रंग खरवडावा आणि गंज चढू नये म्हणून वर ग्रीस लावावे.

तिसरी गोष्ट ट्रिमरची. जुन्या संचांत एरियलच्या सॉकेटजवळ किंवा बटणामागे एक छोटा स्क्रू असतो. काठी पूर्ण उघडावी, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावावे आणि आवाज सर्वाधिक होईपर्यंत तो स्क्रू अगदी सावकाश फिरवावा. एरियल किंवा केबल बदलली की हे काम पुन्हा करायचे असते. पाच मिनिटांचे हे काम न केल्यामुळे कित्येक चांगले संच भंगारात गेले आहेत.

आता खरखर. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच. लष्करी वाहनांत बिनतारी संच बसवायचा असेल, तर इग्निशनच्या तारा धातूच्या आवरणात बंदिस्त करतात, ते याचसाठी. घरगुती गाडीत इतके करण्याची गरज नसते. पण आधी चोर ओळखावा लागतो. गाडी उभी ठेवून, रेडिओ चालू ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. टकटक वेगाबरोबर वाढली तर इग्निशनवर संशय घ्यावा. सूं असा सूर चढत गेला तर डायनॅमोवर. मग एरियलची पिन काढून पाहावी. खरखर थांबली तर ती एरियलमधून येत होती. तशीच राहिली तर बॅटरीच्या तारेतून येत आहे.

उपायही त्याप्रमाणे. इग्निशनसाठी डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या तारेत रोधक किंवा रोधकयुक्त प्लगतारा. इग्निशन कॉइलच्या ज्या टोकाला किल्लीकडून वीज येते, तेथे एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो पॉइंटच्या टोकाला कधीही लावू नये. डायनॅमोच्या जाड तारेच्या टोकाला तसाच कपॅसिटर. बारीक तारेच्या, म्हणजे फील्डच्या टोकाला मुळीच नको. बॉनेट आणि गाडीचा सांगाडा यांमध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी जोडावी. आणि अलीकडच्या एका उपद्रवाकडे दुर्लक्ष करू नये : मोबाइलचा स्वस्त चार्जर मध्यम लहरींवर इतकी खरखर करतो, की बिचारे इंजिन विनाकारण बदनाम होते.

एवढे करूनही संच गप्प राहिला, तरच तो उघडावा. पण हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. गाडीची आणि संचाची ही रचना एकच आहे, याची खात्री करावी. उलटी वीज ट्रान्झिस्टरला क्षणात मारते. दुसरे, ट्रान्झिस्टरचा जुना संच स्पीकर न जोडता चालवून पाहू नये. आवाज बाहेर काढणारे ट्रान्झिस्टर त्याने जळू शकतात. १९५५ साली अमेरिकेत संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ आला. त्याआधीचे संच व्हॉल्व्हचे. त्यांत बॅटरीच्या सहा वा बारा व्होल्टपासून दोनशेहून अधिक व्होल्ट तयार होतात, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ टिकते. हे काम अनुभवी कारागिराचेच. उत्साही विद्यार्थ्याने शेजारी उभे राहून पाहावे.

कारागीर बहुधा आतले वाळलेले कपॅसिटर बदलतो, सैल झालेल्या जोडांना सोल्डरचा नवा डाग देतो, आवाजाच्या बटणातली धूळ साफ करतो. फाटलेल्या स्पीकरचा कागद चिकटवता येतो. नवा घ्यावा लागला तर ओहमचा आकडा मूळचाच असावा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. उद्या कोणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर ते शक्य असले पाहिजे. सुधारणा कोठे थांबवावी, याची याहून चांगली कसोटी नाही. कापलेला पत्रा पुन्हा सांधला जात नाही. बदललेला कपॅसिटर पुन्हा बदलता येतो.

येथे मुलाच्या बाजूचा विचारही झाला पाहिजे. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली. भारतात १९७७ साली मद्रासला एफएमची सुरुवात झाली आणि आज ऐकण्यासारखे पुष्कळसे तिकडे किंवा मोबाइलवर आहे. उत्तम दुरुस्त केलेला रेडिओ ऐकवणार काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यालाही मार्ग आहे. एफएमचा लहान ग्राहक डॅशबोर्डच्या मागे दडवून किंवा मोबाइलची तार लपवून, तिचा आवाज मूळ संचाच्या आवाजाच्या बटणापर्यंत आणता येतो. पत्रा कापावा लागत नाही, बटण तेच राहते, स्पीकर तोच राहतो. एफएमच्या शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा चौथा भाग पंचाहत्तर सेंटिमीटर; म्हणजे जुनी काठी थोडी खाली केली की नव्या लहरीलाही ती नेमकी लागू पडते. ज्या गाडीत धन टोक सांगाड्याला आहे, तेथे मोबाइल चार्जरला लावून जोडताना मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशा रीतीने अंगणातला वाद मिटू शकतो. मुलाला त्याची गाणी मिळतात, मुलीला वडिलांचे बटण. आणि सुई मध्यम लहरींवर नेऊन एखाद्या शांत संध्याकाळी, शहराबाहेर विजेच्या तारांपासून दूर गाडी उभी केली, तर दूरचे एखादे केंद्र अजूनही येऊन पोहोचते. सूर्यास्तानंतर आकाशातल्या वरच्या थरांवरून मध्यम लहरी परावर्तित होतात, म्हणून दिवसा न लागणारी केंद्रे रात्री लागतात. मुलांना हे फळ्यावर शिकवण्यापेक्षा एकदा ऐकवावे.

या विषयाचा शाळेशी असलेला संबंध येथेच आहे. तरंगलांबी, वारंवारता, धारिता, रोध, परावर्तन हे शब्द येथील मुले मराठीतून शिकली. ते केवळ परीक्षेपुरते नव्हते, याचा प्रत्यय डॅशबोर्डखाली वाकल्यावर येतो. मराठी राज्याच्या सीमेबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे क्षीण संकेत जपण्याचेच काम; त्यासाठी केबल नीट ठेवावी लागते, जमिनीशी जोड पक्का लागतो आणि भोवतालची खरखर ओळखावी लागते.

म्हणून एक सूचना करून हे व्याख्यान संपवणे उचित होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असा संच धूळ खात पडला असेल, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेला दाखवावा. जे कारागीर अजून हे काम जाणतात, त्यांना एखाद्या शनिवारी मुलांसमोर बोलवावे. त्यांचे ज्ञान बहुतांशी कोठे लिहिलेले नाही. आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद, तारखेसह, कोणता भाग काढला आणि कोणता बसवला यासह, एका वहीत मराठीत लिहून ती गाडीच्या खणात ठेवावी. पुढच्या पिढीतला जो कोणी तो खण उघडेल, त्याला वडिलांचे बटण तर मिळेलच. ते चालू कसे ठेवायचे, हेही त्याच्याच भाषेत मिळेल.