काजव्याची साक्ष

मनुष्याच्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत तींच तीं जनुकें असतात. तरी यकृताची पेशी यकृताचें काम करते आणि डोळ्याची पेशी डोळ्याचें. कोणतें जनुक जागें राहावें व कोणतें निजून असावें, यावर हा भेद अवलंबून असतो. जनुकाच्या आरंभापाशीं डीएनएच्या ज्या तुकड्यावरून ही आज्ञा सुटते, त्यास प्रवर्तक म्हणतात.

२०१३ सालीं अशाच एका प्रवर्तकानें मोठा प्रश्न उभा केला. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग. त्याच्या तपासलेल्या ७० नमुन्यांपैकीं ५० नमुन्यांत टेलोमरेज या विकराच्या जनुकाचा प्रवर्तक बदललेला आढळला. दोन ठराविक जागांपैकीं एका जागीं एकच अक्षर निराळें! टेलोमरेज रंगसूत्रांचीं टोकें झिजूं देत नाहीं. बहुतेक प्रौढ पेशींत तें निद्रिस्त असतें. तें जागें झालें तर पेशीची विभागणी अखंड चालूं शकते. मग हा एका अक्षराचा बदल खरा अपराधी, कीं रोगाबरोबर सहज आलेला सोबती?

प्रवर्तकाची आज्ञा डोळ्यांना दिसत नाहीं. ती दिसावी म्हणून शास्त्रज्ञ काजव्याचें साहाय्य घेतात. काजव्याच्या शरीरांत ल्युसिफरेज नांवाचें विकर असतें. तें ल्युसिफरिन या द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग घडवितें. त्यासाठीं लागणारी शक्ति पेशींतील एटीपी पुरवितें, आणि पिवळसर हिरवा, शीतल प्रकाश पडतो. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एका अमेरिकन काजव्याचें हें जनुक वेगळें केलें.

आतां रीत पाहावी. ज्या प्रवर्तकाची परीक्षा करावयाची, तो काजव्याच्या जनुकाच्या आरंभीं जोडतात व ही जोडी प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींत सोडतात. एकदोन दिवसांनीं पेशी फोडून त्यांत ल्युसिफरिन मिसळतात आणि यंत्रानें प्रकाश मोजतात. प्रवर्तक जितका जोरकस, तितकें विकर अधिक, आणि तितका प्रकाश अधिक.

परंतु प्रकाश दिसला म्हणजे सत्य कळलेंच, असें नव्हे. एका भांड्यांत पेशी कमी जगल्या, किंवा जोडी कमी पेशींत शिरली, तरी आंकडा उतरतो. म्हणून रेनिला या समुद्रजीवाचें, निळा प्रकाश देणारें जनुक एका ठराविक प्रवर्तकासह सोबत घालतात व दोन्ही प्रकाशांचें गुणोत्तर काढतात. एवढ्यानेंहि सावधगिरी संपत नाहीं. द्राक्षांच्या सालींत सांपडणारें रेस्व्हेराट्रॉल हें द्रव्य काजव्याच्या ल्युसिफरेजलाच अडवितें, असें २००६ सालीं दिसून आलें. तेथें प्रकाश मंदावला तर दोष प्रवर्तकाचा नसून साक्षीदाराचेंच तोंड बंद झालेलें असतें.

मेलॅनोमाच्या बाबतींत मूळचा प्रवर्तक व बदललेला प्रवर्तक यांची अशी तुलना झाली. बदललेल्या प्रवर्तकाचा जोर दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेला निघाला. नव्या अक्षरामुळें ईटीएस कुळांतील प्रथिनांना बसावयास नवी जागा मिळते, आणि तीं जनुकाला जागें करतात, असा उलगडा पुढें आला.

अर्थात् भांड्यांतील पेशी म्हणजे रुग्णाचें शरीर नव्हे. आपल्या रंगसूत्रापासून तोडलेला प्रवर्तक तेथें एकटाच बोलत असतो, म्हणून त्याची साक्ष इतर प्रयोगांशीं ताडून पाहावी लागते. तथापि पूर्वीं ज्या प्रश्नावर केवळ तर्क चालला असता, तेथें आतां मोजमाप चालतें. आणि तें एका क्षुद्र कीटकाच्या प्रकाशानें शक्य झालें आहे.