बॅग आपली, उत्तरही आपले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण आपल्या गल्लीत कोणी परदेशी निघाले की बॅग भरायला मला हाक येते, म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. माझी नणंद दुबईला असते. तिच्याकडे मी दोनदा जाऊन आले. तेवढ्याच शिदोरीवर बोलते.

विमानतळावर पुष्कळदा एक प्रश्न विचारतात, "ही बॅग तुम्ही स्वतःच भरली का?" प्रश्न साधा, पण बॅग भरण्याचे सगळे शास्त्र त्यातच आहे. आत काय आहे आणि ते का घेतले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

आधी वजन. किती किलो न्यायचे ते तिकिटावर लिहिलेले असते. कंपनीगणिक आकडा बदलतो, म्हणून शेजारणीला विचारू नये, स्वतः वाचावे. हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोच मिळतात. घरच्या काट्यावर आधी आपण एकट्याने उभे राहावे, मग बॅग घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. दोन किलो कमीच भरावे. जी बॅग आपली आपल्याला उचलत नाही, ती जास्तच भरली असे समजावे.

कपडे दोन दिवस आधी पलंगावर मांडावे. साडी, तिचा परकर आणि ब्लाऊज एकत्र घडी करून ठेवले म्हणजे तिथे शोधाशोध होत नाही. आठ दिवसांना आठ साड्या लागत नाहीत; परक्या गावी आपल्या साड्या मोजायला कोणी बसलेले नसते. बाकीचे कपडे गुंडाळून भरावे. जड जिन्नस चाकांच्या बाजूला, मोजे चपलांच्या पोटात. बॅगेच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधावी, लांबून ओळखू येते. नाव व फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी आतही ठेवावी.

हातातल्या बॅगेत पासपोर्ट, चष्मा, औषधे व एक जोड कपडे असावेत. मोबाईलची पॉवर बँक हातातच ठेवायची, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ती चालत नाही. उलट कात्री, सुरी मोठ्या बॅगेत. तेल, तूप, लोणचे हातात १०० मिलीच्या वर नेऊ देत नाहीत, म्हणून बरणी दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत ठेवावी.

आता आपला जीव जिथे अडकतो तो खाऊ. सुके खोबरे तेलकट, ते पेट घेऊ शकते, म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाही. खसखशीचे तर विशेष लक्षात ठेवा. ती आपल्या गोड्या मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते, अनारशावर असते. पण ते अफूच्या बोंडातले बी. दुबईला, सौदीला, सिंगापूरला ते नेण्यास बंदी आहे. आपल्याला ती सणाची वस्तू, तिथल्या कायद्याला ती अफूची सोयरी. नणंदेचा मसाला मी खसखशीवाचून वेगळा कुटते. ऑस्ट्रेलियाला जाणारीने खाण्याचे जे जे असेल ते तिथल्या कार्डावर लिहून द्यावे. लिहिले तर फार तर वस्तू जाईल, लपवले तर दंड होईल.

औषधे मूळ पाकिटातच न्यावी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्याकडच्या खोकल्याच्या व दुखण्याच्या काही औषधांवर दुबईकडे कडक निर्बंध आहेत.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. २०१९ साली मुंबईचे एक जोडपे कतारला गेले. नातलगाने दिलेले पुडके त्यांच्या सामानात होते. त्यात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, तिचे बाळंतपण तुरुंगात झाले. २०२१ साली ती दोघे निर्दोष सुटून परत आली, पण गेलेले दिवस कोण भरून देणार?

म्हणून मी कोणाचेही बांधलेले पुडके घेत नाही. नाही म्हणणे आपल्या बायकांना जड जाते, शेजारधर्म आडवा येतो. मी एवढेच म्हणते, "काकू, राग मानू नका. माझ्यासमोर उघडा, मी पाहते आणि मीच पुन्हा बांधते." ज्यांच्या मनात काही नाही त्या हसून उघडतात. ज्या रुसतात त्यांचा रुसवा परवडला.

आणि एक. आपण जावयाचे पापड, नातवंडांचे लाडू भरतो आणि आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर विसरतो. बॅगेत पहिली वस्तू आपल्या गरजेची पडू द्या. प्रवास आपल्याला करायचा आहे.