चाकं विकत घ्यायची की बांधून घ्यायची?

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे होतोय, म्हणून आधी तो मेसेजच वाचतो. सोलापूरहून एक श्रोता लिहितो: "दादा, माझं वजन ९१ किलो. रोड बाइक घेऊन दीड वर्ष झालं. मागच्या चाकाचे आतापर्यंत चार स्पोक तुटले. दुकानदार म्हणतो कार्बनचा व्हीलसेट घे, प्रश्न मिटेल. ग्रुपमधला एक जण म्हणतो चाकं बांधून घे. जानेवारीत पहिली ६०० ची बीआरएम आहे. बजेट तीस हजार. काय करू?"

ज्यांना बीआरएम माहीत नाही त्यांच्यासाठी: ६०० किलोमीटर, ४० तासांत, आणि मागून मदतीची गाडी नाही. रात्री दोन वाजता हायवेवर स्पोक तुटला तर तुम्ही, तुमचा टॉर्च आणि तुमचं नशीब. त्यामुळे "कोणती चाकं भारी" हे आज मी बोलणारच नाहीये. प्रश्न असा आहे की तुटल्यावर काय होतं, आणि ते दुरुस्त कोण करतं.

फॅक्टरी चाक म्हणजे कंपनीने हब, रिम, स्पोक सगळं ठरवून, जोडून, खोक्यात घालून विकलेलं चाक. शिमानो, फुलक्रम, माविक, डीटी स्विस वगैरे. कस्टम म्हणजे हब तुम्ही निवडला, रिम तुम्ही निवडली, स्पोक किती आणि कसे गुंफायचे तेही ठरवलं, आणि एका माणसाने ते तुमच्यासाठी बांधलं. आणि एक तिसरा प्रकार असतो, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: सायकलबरोबर आलेली चाकं. सोलापूरच्या मित्राची चाकं ही तिसरी. ती बहुतेक वेळा मशिनवर बांधलेली असतात, आणि सायकलची किंमत खाली ठेवायची म्हणून सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते.

आता थोडं इंजिनिअरिंग. कंटाळू नका, दोन मिनिटं.

सायकलचा स्पोक म्हणजे ताणलेली तार. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला एकेका तारेवर ११० ते १२० किलोच्या आसपास ताण असतो. २ मिलिमीटरची तार, आणि तिला एक दणकट माणूस कडेवरच्या पोरासकट लटकवलाय असं समजा. सायकलवर बसलात की चाक जमिनीला टेकतं तिथल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, तीन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्यांना जवळजवळ फरक पडत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण योब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे गणित करून दाखवलंय.

म्हणजे चाक फिरताना प्रत्येक तार एका फेऱ्यात एकदा ढिली होते आणि परत ताणली जाते. रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ६०० किलोमीटर भागिले २.१ मीटर म्हणजे जवळजवळ २ लाख ८५ हजार फेरे. वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवत असाल तर ३८ लाख. पेपर क्लिप इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती तुटते ना, तसंच. स्पोक एका खड्ड्याने क्वचित तुटतो. तो थकून तुटतो, आणि बहुतेक वेळा हबपाशी, जिथे त्याला काटकोनात वाक दिलेला असतो तिथे.

आणि तार सगळ्यात लवकर कधी थकते? ढिली असताना. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेटला जागा द्यावी लागते, म्हणून उजव्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि डावीकडच्या तिरप्या बसतात. रिम मध्यावर ठेवायची तर डावीकडचा ताण उजवीकडच्या निम्म्याच्या आसपासच ठेवावा लागतो. त्यात बांधतानाच एखादी तार आणखी ढिली राहिली, तर ती प्रत्येक फेऱ्यात पार सैल पडते. तुमचं वजन ९१ असेल तर विचारूच नका.

आता इथे एक फसवणारी गोष्ट आहे. चाक सरळ फिरतंय म्हणजे ते चांगलं बांधलंय असं नाही. एक तार खूप ताणून आणि तिच्या शेजारची सैल सोडूनसुद्धा रिम सरळ ठेवता येते. आपण सायकलवाल्याकडे जातो, "आउट काढून द्या" म्हणतो, तो पाच मिनिटांत आउट काढतो, चाक ब्रेकच्या मध्ये मस्त सरळ फिरतं, आणि दोनशे किलोमीटरवर पुढचा स्पोक जातो. सरळपणा डोळ्याला दिसतो, ताण दिसत नाही. एक तार तुटली की तिच्या शेजारच्यांनी तिचा भार सोसलेला असतो, मग त्याही रांगेत उभ्या. चार स्पोक तुटले याचा अर्थ बहुधा हाच.

माझी स्वतःची चाकं पुण्यात पेठेतल्या एका जुन्या दुकानात बांधली. दुकान म्हणजे दीड खण, बाहेर हवा भरायचा पंप, आणि आत काका. पासष्टीचे असतील. मी इंजिनिअर माणूस, टेन्शन मोजायचं मीटर घेऊनच गेलो.

"मीटर आणलंस होय? लाव, बघ."

ते काम करत होते आणि मी बघत होतो. दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबायच्या, सगळ्या चाकभर. याने वाकापाशी अडकून राहिलेला ताण निघून जातो, तारेला बसलेला पीळ सुटतो. हे केलं नाही तर नव्या चाकावर पहिल्या राइडला पिंग-पिंग आवाज येतो, तो त्या पिळाचा. मग नख मारून तारा वाजवायच्या. तबलजी गट्ट्यांवर हातोडी मारून सूर मिळवतो ना, अगदी तसं, एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एका सुरात यायला पाहिजेत. मी मागून मीटर लावत गेलो. दोन तारा सोडल्या तर उजवीकडचं रीडिंग एखाद्या रेघेच्या फरकाने सारखं. त्या दोन मी दाखवल्या.

"तिथं रिमचा जोड आहे रे. तिथं सूर जुळवायला गेलास तर चाक उड्या मारेल."

मला पटलं. हे कुठल्याही यंत्राला शिकवता येणार नाही असं मी म्हणत नाहीये, शिकवता येईल. पण स्वस्त चाक बनवताना त्या दोन तारांवर दोन मिनिटं घालवायला कोणी तयार नसतं. काकांनी एका चाकाला सव्वा तास लावला.

बाय द वे, स्पोकची लांबी काढायला मी पायथनमध्ये वीस ओळी लिहिल्या होत्या. अकरावीचा कोसाइनचा नियम, फक्त एक मिती जास्त. ३२ स्पोक, थ्री-क्रॉस, म्हणजे कोन ६७.५ अंश. उत्तर आलं डावीकडे २९१ मिलिमीटर, उजवीकडे २८९. काकांच्या वहीत तेच दोन आकडे होते, बॉलपेनने लिहिलेले. चालायचंच.

आता फॅक्टरीवाल्यांची बाजू, आणि ती पडकी नाहीये. चांगल्या कंपनीच्या वरच्या रेंजमधली चाकं शेवटी माणूसच तपासून सरळ करतो, त्यामुळे "हँडबिल्ट" या स्टिकरला फार भुलू नका, दोन्हीकडे असतं. दुसरं, कंपनी रिम, हब आणि स्पोक एकमेकांसाठी डिझाइन करते. फुलक्रम मागच्या चाकात उजवीकडे डावीच्या दुप्पट स्पोक घालते, त्याने डाव्या तारांचा ताण आपोआप वाढतो. मघाशी सांगितलेल्या प्रश्नावरचं हे खरोखर देखणं उत्तर आहे. आणि उंच रिमची, चपट्या स्पोकची एअरो चाकं हवी असतील, क्रिटेरियम किंवा टाइम ट्रायल करत असाल, वजन ६५ असेल, तर सरळ फॅक्टरीचा सेट घ्या. तिथे विंड टनेलवर झालेला खर्च तुमच्या कामाला येतो.

पण हलकेपणाचं काय? व्हीलसेटच्या जाहिरातीत ग्रॅमच ग्रॅम असतात. समजा नवा सेट ३०० ग्रॅमने हलका आहे. तुम्ही, सायकल, पाणी मिळून ९० किलो. फरक ०.३३ टक्के. सिंहगडाचा घाट चढायला माझ्यासारख्याला ५० मिनिटं लागतात, म्हणजे ३००० सेकंद. वाचले १० सेकंद. तेवढा वेळ मी वर भज्यांच्या वासाने थबकण्यात घालवतो.

आता दुरुस्तीचं. आधी माझ्याकडे एक फॅक्टरी सेट होता, कंपनीचं नाव घेत नाही. मागच्या चाकात २० स्पोक, सगळे त्यांच्याच डिझाइनचे. एक तुटला. २० मधला एक गेला की चाक एवढं वाकडं होतं की टायर फ्रेमला घासतो. घासला. खंबाटकीच्या अलीकडून टेम्पोत सायकल टाकून परत आलो, आणि नवा स्पोक यायला सहा आठवडे लागले. ३२ मधला एक गेला असता तर ब्रेक थोडा उघडून, शेजारच्या दोन तारा अर्धा-अर्धा फेरा फिरवून, हळूहळू घरी आलो असतो.

आमच्या कामात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. याच्याशी संबंध नसलेलं एक मोठं उदाहरण देतो. माविकच्या क्सिरियम चाकांत त्यांचे स्वतःचे जाड अ‍ॅल्युमिनियमचे स्पोक असायचे. उत्तम चाकं, जगभर चालली. २०२० साली माविक फ्रान्समध्ये रिसीव्हरशिपमध्ये गेली. पुढे नवा मालक मिळाला, कंपनी चालू आहे. पण मधल्या काळात ज्याला त्या एका स्पोकची गरज होती त्याने काय करायचं? साधा, वाक असलेला, २ मिलिमीटरचा स्टेनलेस स्पोक असेल तर डीटीचा मिळाला नाही तर सापिमचा चालतो, फक्त लांबी बरोबर पाहिजे. आणि रिम ब्रेकवाल्यांनो, आपल्या पावसाळ्यातल्या घाटात ब्रेकबरोबर चिखल आणि वाळू रिम खातात. रिम झिजली तर बांधलेल्या चाकात हब तोच ठेवून रिम बदलता येते.

पण कस्टमचा हा सगळा फायदा काकांवर उभा आहे. तुमच्या शहरात असा माणूस नसेल आणि कोणीतरी हौसेने महागडे पार्ट कसेबसे जोडून देणार असेल, तर त्यापेक्षा २४ किंवा २८ साध्या स्पोकचा फॅक्टरी सेट कधीही बरा. तो घेऊन एकदा चांगल्या मेकॅनिककडून ताण एकसारखा करून घ्या.

तर सोलापूरच्या मित्राला मी काय लिहिलं? कार्बन नको. तुझ्या अडचणीवर ते औषधच नाही. आणि दोन्ही चाकं कशाला? मागच्या चाकावर वजनाचा ५५ ते ६० टक्के भाग, पेडलचा जोर तिथेच, डावी-उजवीचा फरकही तिथेच जास्त. पुढचं शांतपणे चाललंय, चालू दे. फक्त मागचं बांधून घे: ३२ स्पोक, मजबूत अ‍ॅल्युमिनियम रिम, मध्ये बारीक आणि टोकांना जाड असणारे २.०/१.८ चे स्पोक. डिस्क ब्रेक आहे, म्हणजे ब्रेकचा पीळही तारांमधूनच रिमपर्यंत जातो, तेव्हा दोन्ही बाजू थ्री-क्रॉस. बजेटच्या निम्म्याच्या आसपास काम होईल. हब घेताना आपला अ‍ॅक्सल १४२ बाय १२ आहे का ते आधी मोजून बघ.

त्याचा मामा पुण्यात असतो. दिवाळीत आला, काकांकडे चाक बांधून घेऊन गेला. दोनशेची एक राइड झालीय, पिंग नाही, काही नाही. आता महिन्याभरात ताण एकदा परत तपासायला येणार आहे. तीन जादा स्पोक चेनस्टेला टेपने चिकटवलेत, एक फायबरफिक्स बॅगेत आहे, कारण उजवीकडचा स्पोक तुटला तर कॅसेट काढायला रात्री हायवेवर हत्यार कुठून आणणार. जानेवारीत ६०० झाली की त्यालाच या माइकसमोर बसवतो. तुमच्याकडे असे काका असतील तर शहराचं नाव मेसेज करा.