इंग्रजीचा पेपर आणि आपण आया



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी धाकटीच्या दहावीच्या इंग्रजीची तयारी मीच घेते. लेखी परीक्षा 80 गुणांची. मी पोळ्या लाटताना ती उतारा मोठ्याने वाचते आणि अर्थ मला मराठीत सांगते. जिथे अडखळते, तिथे तिला समजलेले नाही, हे मला कळते. मग प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात बोटाने दाखवायचे. रोज एक पत्र घड्याळ लावून लिहायचे. वाक्याचे पहिले अक्षर मोठे आहे का, शेवटी टिंब आहे का, एवढे मलाही दिसते.

इंग्रजीत नापास झाली की पोरीची शाळा सुटते आणि स्थळे बघणे सुरू होते, हे आपल्या आळीत आपण पाहिलेच आहे. म्हणून भगिनींनो, इंग्रजी येत नसले तरी मुलीजवळ रोज अर्धा तास बसा.