मोरांदे रस्त्यावरचे दार



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. राजवाडे पाहण्याची हौस आम्हांला नाही. तरी चिलीच्या राजधानीत, सांतियागोला, गेलो तेव्हा ‘ला मोनेदा’ पाहिल्यावाचून परतलो नाही. मोनेदा म्हणजे नाणे. तोएस्का नावाच्या इटालियन स्थापत्यकाराने आखलेली ही मुळात टांकसाळ. १८०५ साली ती सुरू झाली. पुढे तेथे राष्ट्राध्यक्ष बसू लागले.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने बंड केले आणि देशाच्याच विमानांनी या वाड्यावर बॉम्ब टाकले. अध्यक्ष आयेंदे आत होते. नभोवाणीवरून ते शेवटचे बोलले, तेही कामगारांना उद्देशून. त्याच दिवशी तेथेच त्यांचा अंत झाला. मोरांदे रस्त्यावरच्या ८० नंबरच्या लहानशा दाराने त्यांचा देह बाहेर नेला.

लष्करी राजवटीत वाड्याची डागडुजी झाली. भिंती पूर्ववत झाल्या. ते दार मात्र बुजवले गेले. तीस वर्षांनी, २००३ साली, लोकनियुक्त सरकारने ते पुन्हा उघडले.

त्या दारापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. संप मोडला की गेटवरचा युनियनचा फळा पहिल्यांदा उतरवतात, हे आम्ही पाहिले आहे. फळा जातो, पण त्याची जागा कामगार विसरत नाहीत. सांतियागोचे लोकही विसरले नाहीत, म्हणूनच ते दार आज उघडे आहे. आपल्याही गावात असे एखादे बुजलेले दार असेल. ते कोणाचे, एवढे मुलांना अवश्य सांगा.